नव्वद उंबऱ्यांचं गाव

मल्लेश्वरम, बेंगळूर
३ डिसेंबर १९६१

तीर्थरूप आप्पा,

चंपाचा तुमच्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. आम्ही तिघंही बरी आहोत. तुम्ही स्वतःच्या तब्येतीचं एक अक्षर कळवत नाही, ही तक्रार आधी लिहून ठेवते.

बाळी आता भिंत न धरता चालते. यांची कारखान्यात या महिन्यात दुसरी पाळी आहे. इथं थंडी अशी की दुपारीही शाल लागते. शेजारच्या सोयराबाई बाळीला कन्नड शिकवतात आणि मला म्हणतात, "अक्का, तू स्वल्प जास्तच बोलतेस." खोटं नाही ते. पण तुम्हाला लिहायला बसले की माझी वाचाच जाते. आज मात्र मनातलं सगळं लिहूनच उठणार आहे.

गावाकडून परसूदादाचं पत्र आलं. ओढ्यावर फरशीचा पूल टाकला, संक्रांतीच्या आत गावात सर्विस मोटार येणार, गावानं नारळ फोडला आणि गावचे पाटील, म्हणजे तुम्ही, दार लावून घरात बसलात! त्या मोटारीत पाय ठेवणार नाही म्हणता म्हणे. फाट्यापर्यंत पायीच जाईन म्हणता. गाव केवढं, असं कुणी विचारलं की उठून चालू लागता.

आप्पा, दोन वर्षांमागं तो साहेब आला तेव्हा मी माहेरीच होते. मोटार कुठल्या गावाला द्यायची ते ठरवायला आला होता. "ऊरु एष्टु?" गाव केवढं, एवढंच त्यानं विचारलं. तुम्ही मिशीवरून हात फिरवत ऐटीत सांगितलंत, "तोंबत्तु." नव्वद. आपण गाव मोजतो ते उंबऱ्यांवर, म्हणजे नव्वद घरं. त्यानं धरली नव्वद माणसं. मोटार पलीकडच्या गावाला गेली. यंदा खानेसुमारीत पाचशेच्या वर माणसं भरली, तेव्हा कुठे सरकारच्या ध्यानात आलं.

त्या मधल्या, गेल्या सालच्या श्रावणात आई गेली.

हे मी आजवर लिहिलं नव्हतं. तुम्हीही नाही. दवाखान्यात न्यायला तिला बैलगाडीत घालून तुम्ही फाट्याकडे निघालात, ओढ्याला पाणी होतं, आणि अलीकडच्या काठावरच तिनं डोळे मिटले. मी इथं ओली बाळंतीण, मला कुणी निघू दिलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि मनात तुमच्याशी भांडायचे. मोटार तेव्हाच मिळाली असती तर फरशीही तेव्हाच पडली असती. नव्वद घरं म्हणायला काय झालं होतं या माणसाला? फार राग होता, आप्पा. खोटं कशाला लिहू?

गेल्या महिन्यात मी मेथी निवडत होते. सोयराबाईंनी सहज विचारलं, "तुझं गाव केवढं ग?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नव्वद." त्या हसल्या. "एवढीच माणसं? मग गाव कसलं, वाडीच की ग अक्का!"

माझा हात तसाच राहिला. सगळं माहीत असून, आई गमावून, मीही तेच बोलले होते. आपल्या जिभेला तेच वळण आहे. मग तुम्हाला कुठल्या तोंडानं बोल लावू? त्या दिवशी पोटभर रडले. माझा राग गेला, आप्पा. तुमचा तुमच्यावरचा आहे, तोही आता सोडा.

संक्रांतीच्या आधल्या शनिवारी मी बाळीला घेऊन येते. यांना रजा नाही. बेळगावहून तीच मोटार धरणार आहे. ती फाट्यावर थांबते. तिथपर्यंत तुम्ही चालतच या, सरी, कबूल, तुमचा हट्ट तेवढा राहू दे. पण तिथून माझ्याशेजारी बसा. पुढे ओढा लागतो. आई गेली ती जागा मी अजून पाहिलेली नाही, आणि एकटीला ती ओलांडवणार नाही. तुम्ही फाट्यावर दिसला नाहीत तर मी तिथंच उतरेन आणि पोरीला घेऊन माघारी फिरेन.

आईविना पहिल्यांदाच माहेरी येणारी,
तुमची चंपा