पाच आण्यांचा करंट

ता. ३ एप्रिल १८६५, सोमवार.
आजपासून रोजनिशी. रोज लिहायची, खरे लिहायचे, खाडाखोड नाही.
आमचे तारमास्तर जूनमध्ये पेन्शनीत निघणार. अमरावतीच्या टेलिग्राफ ऑफिसात त्यांच्यानंतर मीच. बाकी नागपूरच्या साहेबांचे एक सर्क्युलर आले आहे. पावसाळ्यापूर्वी अमरावती-अकोला तारेचा रेझिस्टन्स किती आणि तिच्यात पॉवर किती खर्च होते, हे काढून पाठवावे. दोन्ही ऑफिसांपैकी ज्याचे गणित नीट, त्याचा मास्तरकीसाठी विचार होईल. निव्वळ औपचारिकता.

ता. ५ एप्रिल.
रीत सोपी. व्होल्टला करंटने भागले की रेझिस्टन्स, गुणले की पॉवर. बॅटरीत रसायनाचे चाळीस पेले, पेल्यामागे एक व्होल्ट, म्हणजे चाळीस. करंट मास्तरांनी यंत्रावर वाचून लिहून दिला आहे: ०.०५. उद्या करतो. आज ऊन फार.

ता. ९ एप्रिल.
ऊनच.

ता. १० एप्रिल, सकाळी सात.
झाले. बिंदूपुढचा आकडा म्हणजे पूर्णाचा भाग, आणि पूर्णाचे भाग सोळा, जसे रुपयाचे आणे, हे पंतोजींनी पावकी-निमकीबरोबरच पाठ करून घेतले होते. तेव्हा करंट पाच आणे. मधले शून्य साहेबलोक शोभेला घालतात. चाळीस भागिले पाच आणे, एकशे अठ्ठावीस. चाळीस गुणिले पाच आणे, साडेबारा. इतके सुबक उत्तर चूक असूच शकत नाही.
कागदाची नक्कल टपालाने अकोल्याला मोरूकडे पाठवली. तो तिथल्या ऑफिसात आहे. तपासायला नव्हे, आनंद वाटून घ्यायला. रिद्धपूरला आम्ही एका शाळेत होतो. यात्रेच्या दिवसांत एका पोत्यावर झोपायचो आणि निम्मे पोते तो मला द्यायचा. माझे चांगले काही झाले की पहिल्यांदा मोरूला कळवायचे, हा तीस वर्षांचा परिपाठ.

ता. १४ एप्रिल.
मोरूची तार आली. उत्तर सुबक, पाठवून दे. लगेच नागपूरला रवाना केले.
घरी बायको, दुर्गा, म्हणाली, मोरोभावजींनीही मास्तरकीसाठी अर्ज केलाय म्हणे. मी म्हटले, केला असेल, माझी उमेद राखायला. शर्यतीला दुसरा कोणी लागतोच. ती गव्हले वळत राहिली.

ता. २० एप्रिल.
मास्तर मुलीच्या लग्नाला महिनाभराच्या रजेवर गेले. ऑफिस माझ्या हाती. विचार केला, तारेचा रेझिस्टन्स इतका कमी, तर चाळीस पेले कशाला? वीस काढून ठेवले. बचत पाहून साहेब थक्क होतील.
लाइनमन खुशालराव वलगावचा, गणिताशी संबंध नाही. म्हणाला, "पंत, गाडी तेवढीच अन् अर्धे बैल सोडले. कावून करून राहिले असं?" त्याला अर्धा तास रेझिस्टन्स समजावून सांगितला. शेवटी तो उठून गेला. समजले असावे.

ता. २ मे.
अकोल्याहून येणारे सगळे खणखणीत ऐकू येते. मी पाठवतो ते मात्र मोरू पुन्हा मागतो. रोज पाच-सहा वेळा 'पुन्हा'. जुना माणूस, तारेच्या किल्लीवरचा माझा हात त्याला दोनदा ऐकावासा वाटत असेल. तक्रार असती तर आधी मलाच सांगितली असती.

ता. १० मे.
अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी. कापसाचा भाव कोसळतो आहे. व्यापारी किसनराव घामाने भिजून आले. अकोल्याला राहणाऱ्या त्यांच्या भावाला तार: सगळा माल आजच विकून टाक. लगेच पाठवली. मोरू म्हणाला, पुन्हा. पुन्हा पाठवली. पुन्हा. पाचव्या खेपेला तिकडे उमटली, तोवर अकोल्याचा बाजार उठला होता.

ता. ११ मे.
किसनराव ऑफिसात येऊन नुसते बसून राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. कापसाच्या भावाला माझे गणित जबाबदार नाही.
वीस पेले परत जोडले. तात्पुरते.

ता. २६ मे.
नागपूरचे पाकीट. माझा कागद परत आला, त्यावर आडवी तांबडी रेघ. सोबत 'पाहून शिकावे' अशा शेऱ्यासह मोरूचा कागद. करंट पाच शतांश. रेझिस्टन्स आठशे. पॉवर दोन. खाली तारीख १३ एप्रिल. मला 'सुबक' म्हणाला त्याच्या आदल्या दिवशीची.
आणखी एक यादी. अमरावतीहून तुटक आलेली प्रत्येक तार, तास-मिनिटासह, त्याच्या गोल अक्षरात.
आज ऑफिसात कोणाशी बोललो नाही. कोणाच्या लक्षात आले नाही.

ता. ५ जून.
मोरू मास्तर म्हणून रुजू झाला. दुर्गाने त्याला जेवायला बोलावले, मला न विचारता. पहिला भात झाल्यावर मी विचारले, "माझं उत्तर चुकलंय हे तुला कळलं होतं?"
"बघताक्षणीच."
"मग सांगितलं का नाहीस?"
त्याने वरण कालवले. "तीस वर्षं सांगतच आलो, हरी. दर वेळी तू मलाच शिकवायला बसायचास. या खेपेला म्हटलं, साहेबाकडून शिकू दे. आणि मास्तरकी मलाही हवी होती. तू कधी विचारलंस?"
मी किसनरावांचे नाव काढले.
"पेले मी काढले नव्हते," तो म्हणाला. पण त्यानंतर त्याचा घास थांबला, हे मी पाहिले.
दुर्गा त्याला तूप वाढत होती. मी रागाने उठणार होतो, पण ताक यायचे होते.

ता. १९ जून, दुपारी तीन.
ऑफिसात सामसूम. गणित नव्याने मांडले. चाळीस भागिले पाच शतांश. तीनदा केले. आठशे. पॉवर दोन. कोणाचे न पाहता, माझे मी काढले.
हातात कागद घेऊन मास्तरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. मोरू खाली मान घालून लिहीत होता. तसाच परत फिरलो.
जागेवर येऊन, हे दुसऱ्या कोणाला दाखवता येईल, ते बराच वेळ आठवत बसलो.