तनूचा वेटिंग नंबर दोन

३ मार्च, चल्लकेरेजवळ, कर्नाटक
लिस्ट लागली. माझ्या पोरीचं, तनूचं, नाव नाही. गोंदियाच्या त्या इंग्लिश शाळेत पंचवीस टक्के जागा गरिबांच्या लेकरांसाठी फुकट असतात, त्यांची सोडत. वेटिंगमधी आहे, नंबर दोन. बायकोनं, सरितानं, फोटो पाठवला तो तीनदा मोठा करून पाह्यला.
फोनवर म्हणे, "दोन म्हंजे काई दूर नाई जी." मग थोड्या वेळानं तीच म्हणे, "पन कोनी कायले सोडन आपली जागा?"  तनू मागून विचारून राहिली होती, मी पास झाली का.
बोअर आज तीनशे साठ फूट. पाणी नाही, नुसता दगडाचा भुकटा. नाकातोंडात, डाळीत.

५ मार्च
मायला सांगितलं. ती गावी, सडक अर्जुनीकडं. तिचा पहिला सवाल, "चिठ्ठी कोनं काढली?" म्हटलं कम्प्युटरनं. "मंग थे सोडत कायची? लहान लेकराच्या हातानं काढा लागते. मशीनले कोनाची दया?"
दुकालू हसला. छत्तीसगडचा, बोअरगाडीवर रॉड उचलायला माझा जोडीदार. म्हणे, "अरे मेरा लड़का सरकारी में है, खिचड़ी खाके मस्त मोटा हो रहा है, तू काहे को सूख रहा है?" त्याला जे बोललो ते लिहीत नाही. जेवताना तो टायरमागं जाऊन बसला.
तसं सरकारी शाळेनं माझं काही वाईट नाही केलं. मीच सोडली, सातवीत. शाळेत बसवतच नव्हतं. आताही एका गाडीवर बसवत नाही, मागच्या वर्षी तीन बोअरगाड्या बदलल्या. पण या गाडीच्या पॅनलवर सगळं इंग्रजीत आहे. ज्याला वाचता येते तो ड्रिलर होते, पॅनलवर उभा राहते. मी पाच वर्षांपासून रॉड उचलून राहिलो.
आणि हे फुकट जागेचं पहिलीपुरतंच. पुढच्या साली तनूचं वय निघून जाते. मग सोडत नाही, वेटिंग नाही, काहीच नाही.

८ मार्च
आजच्या शेतमालकानं पाणी शोधायला तळहातावर नारळ आडवा ठेवला अन् वावरभर फिरला. नारळ जिथं उभा झाला तिथं गाडी लावली. चारशे फूट, कोरडं. मालक मातीत बसून राहिला. मुथू अण्णा, आमचा ड्रिलर, हात झटकून म्हणाला, "लक नहीं तो क्या करेगा."
माझं डोकं फिरलं. कोणावर राग ते समजलं नाही. केसिंगच्या पाइपला लाथ मारली, अंगठा सुजला.

११ मार्च
लागला. लागला नंबर. एकानं जागा सोडली, दुसऱ्याचे कागद पुरले नाही. सरिताच्या मोबाइलवर इंग्रजीत मेसेज आला. तिनं आधी बाजूच्या बाईला वाचाले लावला, मग मला फोन. रडत होती, मी म्हटलं मेलं की काय कोणी. मी दुकालूच्या गळ्यात पडलो. तो म्हणे, "अब तो बोलेगा ना मेरे से?"
कागद तपासणी शुक्रवारी, पंचायत समितीत. भाडेपत्र, जातीचा, उत्पन्नाचा, जन्माचा दाखला, सगळं सरितानं पिशवीत भरून ठेवलं. पांढरे मोजेही घेऊन टाकले. म्हटलं मोजे कायले आत्ताच? म्हणे, "तुमी चूप राहा."
दुपारपासून फॉर्म दोनदा उघडला, दोनदा बंद केला. आनंद झाल्यावर असं नाही करत कोणी.

१४ मार्च
नाकारला.
साहेबानं लॅपटॉपवर फॉर्म उघडला. त्यात घर शाळेपासून आठशे मीटर. भाडेपत्रावरची आमची खोली, गोंदियाला लागून फुलचूरची, मोजली तर पावणेदोन किलोमीटर. अंतर खोटं, अर्ज बाद. दोन मिनिटांत झालं.
सरिता तिथं भांडली. साहेबाला म्हणाली, "कम्प्युटर चुकला असन साहेब. आमचा मानूस खोटं भरत नाई." हे तिनं मलाच सांगितलं फोनवर, मोठ्या तोऱ्यात. मी हो हो म्हटलं.

१५ मार्च
लिहून टाकतो. दुसरीकडं कुठं बोलू.
फॉर्म मीच भरला, इथून, मोबाइलवर. सरिता म्हणत होती मदत केंद्रात जाऊन भरते. मी म्हटलं मला येते, तू राहू दे. घरचं एक तरी काम आपल्या हातानं व्हावं असं वाटलं. नकाशात घरावर तो लाल फुगा, जागेची खूण, ठेवाचा असते. उघडला तर फुगा इथंच, कर्नाटकात, या उजाड वावरात. बोटानं ओढत निघालो. हैदराबाद गेलं, नागपूर आलं, गोंदिया. फुलचूर सापडलं, नाला सापडला, नाल्याकाठचं आमचं टिनाचं छत. खूप वेळ पाह्यलं. आठ महिने झाले होते घर पाह्यल्याला.
मग शाळा किती दूर ते पाह्यलं. एक किलोमीटरच्या आतल्याला आधी घेतात, हे ऐकून होतो. म्हटलं एवढ्या दुरून आणला तर अजून थोडा. नाल्यापलीकडं एका मोठ्या बंगल्यावर ठेवला. बटन दाबलं.
फॉर्मात दहा शाळा टाकता येत होत्या. मी एकच टाकली.

१७ मार्च
सरितानं सांगितलं, आमच्या गल्लीतल्या ऑटोवाल्याच्या पोराला तीच शाळा लागली. वेटिंग सहा होता. त्यानं फुगा आपल्या घरावरच ठेवला होता. त्याचं घर आमच्यापेक्षा चार घरं दूर. म्हणजे जवळचे संपल्यावर दूरचेही घेतले. खरं भरलं असतं तर तनूही बसली असती काय, कोणाला माहीत.
एक जागा अजून खाली आहे म्हणते. चूक कशी झाली त्याचा खुलासा लिहून दिला तर समिती पुन्हा पाहते. सरिता म्हणे, "मी लिवतो, कम्प्युटरची चूक. ऑटोवाला पन सही देतो म्हनते." उद्या देणार.
भाकर गेली नाही. गाडी सोडून कुठंतरी निघून जावं असं वाटून राहिलं. कुठं, ते माहीत नाही.

१८ मार्च
सकाळी सात वाजता फोन केला, ती निघायच्या आत. सांगितलं. बंगला, नाला, एकच शाळा, सगळं.
तिकडून स्टोव्हचा आवाज येत होता. मग म्हणे, "अन् मी त्या साहेबासमोर तुमची शपथ खाल्ली." मग म्हणे, "काऊन केलं असं? विचाराचं तं होतं." मी म्हटलं, तनूसाठी. म्हणे, "तनूले म्होरं करू नोका. तनूनं नाई सरकवला फुगा." फोन ठेवला.
बरोबर बोलली.

२० मार्च
दोन दिवस फोन नाही, मेसेज नाही. दुकालू जेवण घेऊन आला. चटणी माझ्या ताटात टाकली अन् बसून राह्यला.
संध्याकाळी तिनं फोटो पाठवला. अर्ज, तिच्या हातचा. ती नववीपर्यंत शिकली, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. वर साहेबांचं नाव, खाली तीन ओळी: नकाशात घराची जागा आम्ही दोघांनी चुकीची दाखवली. नंबर लागावा म्हणून दाखवली. मुलीचा दोष नाही. खाली तिची सही, आणि माझ्या सहीसाठी जागा मोकळी.
आम्ही दोघांनी. तिला तर माहीतही नव्हतं.
फोन केला, उचलला. म्हटलं असं कायले लिवलं? म्हणे, "तुमच्या एकट्याचं नाव लिवलं असतं तं साहेब म्हनते, बाप इथं नाई म्हून त्याच्यावर ढकलते, माय खोटारडी. जाऊ द्या. तुमी कागदावर सही करून फोटो पाठवा." आवाज कोरडा. माफ केलं असं काही म्हणाली नाही. सही करून फोटो पाठवला.

२४ मार्च
सोमवार. तीनशे फुटांच्या वर रॉड टाकायचे आज. सरिता साडेदहापासून पंचायत समितीत. रेंज गाडीच्या शिडीवरच येते, म्हणून फोन वरच्या पायरीला दुपट्ट्यानं बांधला. दर रॉड उतरला की चढून पाहतो. मुथू अण्णा शिव्या देते.
पहिला मेसेज: साहेब आले नाई.
मग: आले. अर्ज घेतला. पूर्न वाचला.
मग: बाहेर बसा म्हने. आनखी दोन मायबाप बसून हायेत, त्यायचा पन अर्ज हाये. जागा एकच.
चहाला थांबलो तेवढ्यात हे लिहिलं. हात भुकट्यानं पांढरे, पानावर ठसे उठून राहिले. फोन वाजला तसा दुकालू शिडीवर चढलाय माझ्याआधी. फोन हातात धरून पाहून राहिला. मराठी वाचता येते त्याला, हळूहळू. ओठ हलून राहिले त्याचे.