पुस्तकातला शंभू

मुंबई, १४ ऑगस्ट १९९९

ती. उषाताईस,
चंदूचा सा. नमस्कार. वि. वि.

पत्र तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतोय. घरी फोन केला की आबाच उचलतात आणि माझा आवाज ऐकून ठेवून देतात. मी लग्न करणार नाही आणि माझा जीव पुरुषांवर जडतो, हे गेल्या वर्षी एकाच जेवणात सांगून टाकलं, तिथेच माझं चुकलं. निदान भात तरी होऊ द्यायला हवा होता.

बातमी अशी, की एका मासिकाने मला दर महिन्याला चार पानं दिली आहेत. चित्रकथा, पण बाळगोपाळांची नव्हे. परीकथेला मोठी आणि मोठ्यांच्या कादंबरीला लहान, अशा पोरांसाठी. माझ्या गोष्टीतला राघू माझ्यासारखाच आहे. सांगोल्याच्या एका मुलाने लिहिलंय, की तो मीच आहे, पण शेवटी त्याला मारू नका. ताई, मी मारणारच होतो. आता नाही मारत.

शंभू कसा आहे? त्याला माझा नमस्कार सांग. नको, राहू दे.

माया आहे तेवढी राहू दे, आणखी मागत नाही.
तुझा चंदू


जांबे, ३ मार्च २००८

चि. चंदूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे अंक अंगणवाडीच्या पोषण आहाराच्या पेटीत ठेवते. तिथे सरपंचही हात घालत नाही. गोष्टी चांगल्या आहेत, पण तुझी माणसं जेवताना कधी दिसत नाहीत. तूही जेवत नसशील.

आबा थकले. कोणी विचारलं तर सांगतात, ‘धाकटा परदेशात हाय.’ आता गावाला ते पाठच झालंय. आईने तुझ्यासाठी मेतकूट दळलंय, कुरिअरने पाठवते.

गावाची ओळख राहिलेली नाही. हिंजवडीच्या कंपन्यांमुळे घरोघरी भाडेकरू आलेत. शंभूने शेतात बारा खोल्या काढल्या आहेत आणि कंपनीतली पोरं ठेवली आहेत. मुलगी अपेक्षा कॉलेजला जाते. शंभू सुखात आहे असं म्हणायचं. तुमच्या दोघांचं काय होतं ते मी कधी विचारलं नाही, तूही सांगू नकोस. मला डोळे आहेत.

एक मात्र ऐक. काढायचं ते काढ, पण आपल्या गावचं माणूस काढू नकोस.

प्रकृतीला जप, आणि ताईला विसरू नकोस.
उषाताई


मुंबई, २० ऑक्टोबर २००९

ती. उषाताईस,
सा. नमस्कार. वि. वि.

दिल्लीच्या कोर्टाचा निकाल पेपरात वाचलास ना? आम्ही गुन्हेगार नाही म्हणे. त्या दिवशी मी पेढे आणले आणि द्यायला कोणी नव्हतं, म्हणून एकट्यानेच पाव किलो खाल्ले. मग धीर करून गेली पाच वर्षं बांधून ठेवलेली चित्रं प्रकाशकाला दिली. पुढच्या महिन्यात पुस्तक येईल. एका खेड्यातली अठरा वर्षांची दोन मुलं, त्यांची विहीर, आणि एकाचं ठरलेलं लग्न.

तुझं ऐकलं आहे. नाव बदललं, गाव बदललं, विहिरीवरचं उंबराचं झाडसुद्धा काढून टाकलं. फक्त चेहरा बदलता आला नाही. चार वेळा खोडला, पाचव्यांदा तोच आला. इथल्या माणसांना काय कळणार आहे, आणि तिथली माणसं पुस्तकं वाचतात कुठे?

सतरा वर्षांच्या पोरांना मी दहा वर्षं सांगतोय, की स्वतःला नाकारू नका. एकदा मलाही तसं वागू दे.

रागावलीस तरी पत्र टाक.
चंदू


जांबे, ११ जानेवारी २०१०

चि. चंदूस,
आशीर्वाद. वि. वि.

आज चेष्टा सुचत नाही. शंभूच्या एका भाडेकरूने तुझं पुस्तक आणलं आणि मालकांचं चित्र छापून आलंय म्हणून त्यालाच दाखवलं. तीच तुटकी भुवई, तोच एका अंगाला झुकलेला खांदा. शंभू हरखून गेला. वाचायचा त्याला शाळेपासून कंटाळा. दोनचार पानं चाळली आणि दोस्ताने आपल्याला पुस्तकात घातलं म्हणून स्वतःच ते डेअरीवर नेलं, मग न्हाव्याकडे नेलं. अपेक्षाचा साखरपुडा नुकताच झालाय, तर होणाऱ्या व्याह्यांनाही कौतुकाने दिलं. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. याने वाचलं नव्हतं.

आता व्याही लग्न मोडायला निघालेत. शारदाला, त्याच्या बायकोला, तिचे भाऊ घेऊन गेले. अपेक्षाने कॉलेज सोडून दार लावून घेतलंय. गावाने बसून ठरवलं, की शंभूने भैरवनाथापुढे ताटातला बेलभंडारा उचलावा आणि यात काही खरं नाही असं शपथेवर सांगावं. तुला ठाऊक आहे, एकदा बेलभंडारा उचलला की विषय मिटतो, पुढचं देव बघतो. शंभू देवळात गेला. ताटापुढे दोन तास उभा राहिला. हात पुढे केला नाही, की तोंडातून शब्द काढला नाही. लोक कंटाळून घरी गेले.

आता म्हणतात, ज्याने काढलं त्याने येऊन उचलावा. व्याह्यांनी महाशिवरात्रीपर्यंत मुदत दिली आहे. मी तुला सांगितलं होतं, हे लिहिण्यात अर्थ नाही, तरी लिहिते. मला तुझा फार राग आलाय. त्या पोरीसाठी ये.

उषाताई


मुंबई, २८ जानेवारी २०१०

ती. उषाताईस,
सा. नमस्कार. वि. वि.

रविवारी येतो. उरलेल्या प्रती परत घ्यायला प्रकाशकाला सांगितलं आहे. वाचक पोरांना काय सांगायचं ते सुचत नाही, त्यांची पत्रं न फोडता ठेवली आहेत. हात हल्ली कागदावर चालत नाही.

शंभू दोन तास उभा राहिला हे तू लिहिलंस, ते मी किती वेळा वाचलं सांगता येत नाही. म्हणून एक ठरवलंय. मी त्याच्याकडे बघणार नाही आणि थांबणारही नाही. देवळात शिरताक्षणी भंडारा उचलीन आणि शाळेत पाढे म्हणायचो तसं म्हणून मोकळा होईन. क्षणभर जरी थांबलो तरी माझ्याच्याने होणार नाही. हे त्याला सांगू नकोस, सांगितलंस तर तो मला उचलू देणार नाही.

आईला देवळात आणू नकोस.
चंदू


जांबे, १९ मे २०१०

चंद्रकांतास,
शंभूचा रामराम.

पत्र लिवायची सवय न्हाई, चुकलंमाकलं संभाळून घे. अपेक्षाचं लगीन झालं. पोरगी सुखात हाय. शारदा परत आली. आता गावात कुनी काय बोलत न्हाई.

पुस्तक नंतर मी शेवटपातूर वाचलं. भाडेकरूकडनं मागून घेतलं. आठ दिस लागलं. त्यात खोटं काय बी न्हाई.

तू माझ्या पोरीसाटी आलास, त्ये मला कळतंय. तुझं उपकार हायेत. पन त्या ताटाफुडं मी दोन तास हुबा व्हतो, तवा बायको गेलेली, पोरगी दाराआड रडत व्हती, तरी माझ्याच्यानं न्हाई म्हनवलं न्हाई. तू आलास आन् चपला काडल्या काडल्या म्हनून बी टाकलंस. माझ्याकडं बघितलं बी न्हाईस.

तू उचलनार हे मला ठावं व्हतं. मला वाटलं व्हतं, जरा थांबशील.

कळावं.
शंभू