उतरून दाखव

१२ जानेवारी, रविवार

अश्विन कॅम्पर विकतो म्हणतो.

जेवताना म्हणाला. भात कालवता कालवता — "आई, गाडी उभ्या उभ्या सडून राहिली. गोंदियाचा एक जण विचारून राहिला." मी घास गिळला. अल्का, सून, खाली मान घालून जेवत राहिली. म्हणजे तिला आधीच माहीत होतं.

यांना जाऊन नऊ महिने झाले. गाडी तेव्हापासून अंगणात उभी आहे. हे एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक. रिटायर झाले आणि कुठूनशी मोडकी अँब्युलन्स आणली. दीड वर्ष खपून आत संसार मांडला — पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, माझ्या पुस्तकांना फळी. फळीला आडवी पट्टी, वळणावर पुस्तकं पडू नयेत म्हणून. त्या गाडीतून आम्ही दोघं नवेगाव बांधला जाऊन तलावाकाठी राहिलो. पचमढीला गेलो. एकदा बुद्धगयेला.

तेव्हा चढण्या-उतरण्याचा विचारच नव्हता. हे काखांत हात घालून मला वर ठेवायचे आणि तसंच खाली काढायचे. धानाचं पोतं उतरवतात तसं. मी चिडायची, हे हसायचे.

१३ जानेवारी

घरात बसवत नाही. ओसरी, स्वयंपाकघर, पुन्हा ओसरी. पुस्तक उघडते आणि त्याच ओळीवर परत येते.

१५ जानेवारी, बुधवार

आज बोलले. म्हटलं, विकू नको.

"नाही विकू तं काय करू? तुले चढता येत नाही, उतरता येत नाही. दिवाळीत पडली तेव्हा कोण होतं जवळ?"

खरं आहे. दिवाळीत गाडी आतून पुसायला म्हणून एकटीच चढले होते. उतरताना पडले. अल्का अंगणवाडीतून घरी येईपर्यंत तशीच अंगणात बसून राहिले. पाच वर्षांपूर्वी धानाच्या बांधीत घसरून पाय मोडला, तेव्हापासून उजवा गुडघा वाकत नाही. काठीसारखा सरळ.

मग अश्विन म्हणाला, "असं कर. कोणाचा हात न धरता चढून उतरून दाखव. मंग नाही विकत. दोन तारखेपर्यंत तुले वेळ."

आणि हसला. मी म्हटलं, बरं. मी हसले नव्हते.

१७ जानेवारी

चढणं जमतं. मागच्या दाराशी गाडीची एक पायरी आहे, माझ्या गुडघ्याएवढी उंच. डावा पाय पायरीवर, दाराच्या उभ्या नळीला दोन्ही हात, मग उजवा पाय मागून ओढून घ्यायचा. दम लागतो, पण वर जाते.

उतरणं मात्र नाही. दारात उभं राहिलं की अंगण फार खाली दिसतं. पाऊण तास तशीच उभी होते. शेवटी अल्कानं हात दिला.

"हे मोजायचं नाही न, आई?"

"नाही."

१९ जानेवारी, रविवार

अश्विननं प्लास्टिकचं स्टूल आणलं. पाय ठेवला तसं सरकलं. नळी धरली होती म्हणून वाचले. मग विटा रचल्या. त्या हलल्या.

"एसटीतून उतरतात तसं उतर न आई. तोंड समोर, हात दांडीले, पाय खाली."

आमच्या घरात उतरणं म्हणजे एसटीतून उतरणं. त्याला त्याच्या बापानं तेच शिकवलं, मलाही तेच. पण डावा पाय आधी खाली सोडला तर सगळा भार उजव्यावर येतो आणि तो वाकतच नाही. उजवा आधी सोडला तर हात मागे राहतात, अंग पुढे जातं. दोन्हीकडून पडणंच.

२१ जानेवारी

पडले नाही. उतरलेही नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

घेणारा गाडी बघून गेला. हेमेंद्र नाव. पांढरा शर्ट, गळ्यात चेन. लग्नांमध्ये कॉफी-सूपचा स्टॉल लावायचा आहे त्याला. नळ सोडून बघितला, शेगडीचं बटण फिरवलं, पलंगावर हात आपटला.

"चाचाजी ने बनाई तो फर्स्ट क्लास है. ये किताबों वाला निकाल देंगे, यहाँ फ्रीज आ जाएगा."

मग माझ्याकडे वळून — "माताजी, आप भी जाते थे इसमें?"

"जाती हूँ," म्हटलं.

अश्विन टायर बघत बसला होता. मान वर केली नाही.

२४ जानेवारी

कुडव्याच्या चौकापर्यंत काठी घेऊन गेले आणि परत आले. काम काहीच नव्हतं. परत आल्यावर पुन्हा निघावंसं वाटलं. हे असते तर म्हणाले असते, चल, बस गाडीत.

२६ जानेवारी, रविवार

रुख्मा आली दवनीवाड्याहून. उन्हाळी धानाचा रोवणा चालू आहे, आज मजूर आले नाहीत म्हणून तिला सवड. पायाच्या भेगांत चिखल तसाच. आम्ही दोघी वीस वर्षं एका रांगेत वाकून रोपं रोवली — तिच्या बांधीत, आमच्या बांधीत, दुसऱ्याच्याही.

मी नेमकी गाडीच्या दारात अडकलेली.

"काय करून राहिली वं तिथं? भाषण देतं का?"

"उतरून राहिली."

"मंग उतर न."

"पाय वाकत नाही बाई."

ती फाटकापाशीच थांबली. कमरेवर हात. जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "रोवण्यात कोणती बाई समोर चालते वं? जलमभर बांधीत मागं मागं सरकली, अन् आता काऊन तोंड पुढं करून राहिली?"

मी वळले. तोंड गाडीत, पाठ अंगणाकडे. दोन्ही हात नळीला. कमरेत वाकले — आणि उजवा पाय आपोआप मागे गेला. सरळच गेला, त्याला वाकायची गरजच नव्हती. वाकायचं काम डाव्यानं केलं. बोटांना पायरी लागली. मग डावा. पुन्हा उजवा मागे, खाली, आणखी खाली. जमीन.

मागे वळून बघावं लागलं नाही. चिखलात तरी कधी बघायचो आम्ही, पाय कुठे पडतो ते?

"पण असं बुडाकडून उतरायचं म्हणजे —" मी म्हटलं.

"लोकायले ढुंगण दिसते तं दिसू दे. तोंड पाहून तरी कोण काय देऊन राहिलं तुले?"

मी खूप दिवसांनी हसले. तिनं दोन कप चहा घेतला आणि गेली.

२७ जानेवारी

सात वेळा चढले, सात वेळा उतरले. अश्विन कामावर गेल्यावर. त्याला रविवारीच दाखवीन.

एक गोष्ट लिहून ठेवते. हे उतरवायचे तेव्हा तोंड यांच्या शर्टात असायचं, बाकी काही दिसायचं नाही. आता तोंड आत राहतं. पाय जमिनीला लागेपर्यंत यांच्या बाजूची उशी समोर असते. तिचा अभ्रा मी धुतलेला नाही.

२९ जानेवारी

एप्रिलमध्ये कुठे जायचं ते ठरवून राहिले. चालवायला अश्विन. सुटी नाही मिळाली तर नवेगाव बांध तरी. दोन दिवस. तिथं पहाटे मासे धरणाऱ्यांच्या डोंग्या निघतात, त्या पलंगावरूनच दिसतात. हे नकाशा बघायचे, मी वाचायची. मोठ्यानं. मी चाळिशीत वाचायला शिकले, म्हणून माझं वाचणं सावकाश. हे म्हणायचे, बरं आहे, रस्ता पुरतो.

३१ जानेवारी, शुक्रवार

अल्कानं खिडकीतून बघितलं मला उतरताना. बाहेर आली, पण तोंड आनंदी दिसलं नाही.

"आई, एक सांगू?"

"सांग."

"रविवारी साडी जराशी वर खोचा. पायात येते." आणि आत गेली. हे सांगायला आली नव्हती ती.

२ फेब्रुवारी, रविवार

दाखवलं.

साडी खोचली, काठी भिंतीला टेकवली. चढले. आत दोन मिनिटं उभी राहिले. वळले, उतरले. अश्विन खाली बघत होता, म्हणून पुन्हा चढले आणि पुन्हा उतरले. शेजारची म्हातारी टाळ्या वाजवत होती. अश्विन ओसरीच्या पायरीवर बसून.

"झालं?" मी विचारलं.

"आई, मी हेमेंद्रले शब्द देऊन टाकला. तो पाहून गेला त्या गुरुवारीच."

अल्का आत निघून गेली.

"मग दाखवायला कशाला सांगितलं?"

त्यानं पायरीवरची माती बोटानं खरवडली. मग म्हणाला, "तू दिवसभर फेऱ्या मारत होती. खात नव्हती धड. वाटलं, कामाले लागशील. मले कुठं वाटलं होतं तुले जमून जाईन म्हणून!"

त्याचे डोळे भरलेले. माझेही भरले असते, पण राग आधी आला.

"उद्या दहाले येते तो गाडी न्याले."

मी खोचलेली साडी सोडली. काठी घेतली.

३ फेब्रुवारी, सोमवार. सव्वादहा

कॅम्परमधून लिहीत आहे. सहालाच चढले. कडी आतून लावली, गाडीची किल्ली माझ्याजवळ. बाहेर अश्विन दार ठोकून राहिला — "आई, उतर न आता." हेमेंद्र त्याला हळूच विचारतो, "माताजी से उतरते नहीं बन रहा क्या?"

बनता है. उतरत नाही.