चौथ्या हॉर्नची सुरावट

४ मार्च
झालं! माझी रचना घेतली. एप्रिलमध्ये आमच्या गावच्या ऑर्केस्ट्रात वाजणार! तिथे चार फ्रेंच हॉर्नवाल्यांत बाबा जन्मभर चौथा हॉर्न फुंकत आलेत. चौथा म्हणजे कायम खालचे सूर आणि कायम शेवटची खुर्ची. उन्हाळ्यात निवृत्त होतील, आणि एकट्यानं वाजवायला एकदाही मिळालेलं नाही. म्हणून मधली संथ सुरावट त्यांना दिली. अगदी हॉर्नच्या सोयीनं — आधी भरपूर विश्रांती, वर चढायचं ते पायरी पायरीनं, श्वासाला जागा. सगळं त्यांनीच शिकवलेलं.

६ मार्च
बाबांनी पानं दोनदा वाचली. "छान आहे गं ब्लांका." आणि लसणीच्या सूपकडे वळले. बस्स? मला वाटलं होतं, रडतील.

११ मार्च
रोज नवं काहीतरी! आधी म्हणाले, "क्लॅरिनेटला दे, मऊ वाजेल." मग, "खाली चेलो घाल, फार उघडं वाटतंय." आज, "तिसरा आणि चौथा हॉर्न मिळून वाजवू देत, आवाज गोल येतो." गोल म्हणे! मी शिकत होते तेव्हा हेच गृहस्थ टेबलावर हात आपटायचे — "हळुवार सुरावट दोन हॉर्नना दिलीस तर सूर जुळणार नाहीत. एकाला ऐकवायचं असेल तर बाकीच्यांना गप्प बसव!" यातलं खरं कुठलं मानू?

१२ मार्च
बाकीची वाद्यंच काढून टाकली मी तिथली. घ्या.

१९ मार्च
ट्रामच्या थांब्यावर विटेककाका भेटले. तिसरा हॉर्न त्यांचा, बाबांना खेटून बसतात. "पोरी, म्हाताऱ्याला कशाला छळतेस? मला दे की ती सुरावट, मी काय घोडं मारलंय तुझं?" मी हसले. ते हसले नाहीत. काकांना हेवा वाटतोय? या वयात? डोकं भणभणलंय नुसतं.

२ एप्रिल
पहिली तालीम. ती जागा आली, सगळे थांबले — आणि विटेककाकांनी हॉर्न तोंडाला लावला! मी मागच्या रांगेतून ओरडले, "काका, तुम्ही नाही! फक्त चौथा!" त्यांनी बाबांकडे बघितलं, हॉर्न मांडीवर ठेवला.

काहीच वाजलं नाही. कंडक्टरबाईंची काठी रिकामीच फिरत राहिली. बाबा हॉर्न उलटा करून आत साठलेलं वाफेचं पाणी काढत बसले. "मात्रा चुकल्या," म्हणाले. बाबांच्या मात्रा? ते झोपेतही मात्रा मोजतात! आणि एकजणही हसला नाही. एरवी कुणी चुकलं की ही मंडळी दिवसभर टिंगल करतात.

येताना ट्राममध्ये बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी पुन्हा पुन्हा पानं चाळली. एकही सूर त्यांच्या आवाक्याबाहेरचा नाही. मग कुठे चुकलं माझं?

३ एप्रिल
विटेककाकांनी बिअरचा पेला माझ्याकडे सरकवला आणि सांगितलं. "पुढचे दात बसवून घेतल्यापासून त्याच्या ओठांना सूर धरता येत नाही. दोन हिवाळे झाले. महत्त्वाचं असेल ते मी उचलतो, बाकीचं गर्दीत खपून जातं. आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे पोरी. फक्त तुला कळू द्यायचं नव्हतं त्याला."

आणि मी सगळ्या ऑर्केस्ट्राला गप्प बसवून बाबांना एकट्यानं वाजवायला लावलं.