तांब्याच्या नळ्या

१७ फेब्रुवारी
मावला गावाजवळ गाडी पुन्हा तापली. काटा लाल रेघेच्या वर, बॉनेटमधून वाफ. या महिन्यात तिसऱ्यांदा. अर्धा तास रस्त्याच्या कडेला उभी. एक लॉरीवाला थांबून म्हणाला, "आंटी, ये उमर है क्या गाडी चलाने की?" गाडीची की माझी, हे विचारायला हवं होतं. उत्तरं नेहमी घरी आल्यावर सुचतात.
दोघातिघांनी ढकलत रहीमभाईच्या दुकानी नेली. रेडिएटरचं काम करणारा इथे तो एकटाच उरलाय. म्हणाला, छोड के जाओ बाई, खोलना पडता.
यांनी ही अँबॅसिडर सरकारी लिलावात घेतली तेव्हा मी आठ दिवस अबोला धरला होता. निवृत्तीनंतर मलाच चालवायला शिकवली. आता हे नाहीत, जूनमध्ये दोन वर्षं होतील. गाडी आहे.
बोलणं: दूधवाला, लॉरीवाला, रहीमभाई. तीन म्हणजे पुष्कळ.

१९ फेब्रुवारी
नितीनचा फोन. हैदराबादेत बसून उंटावरून शेळ्या हाकतो. "आई, अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर घे. हलका असतो, इंजिन लवकर गार होतं. मी मागवून देतो. नाहीतर विकून टाक एकदाची." विकून टाक हे त्याचं प्रत्येक फोनच्या शेवटी येतं, नमस्कारासारखं.
रहीमभाईचं उलट. जुनी गाडी, तांब्याचाच ठेवा. फुटला तर डाग देऊन सांधता येतो. अ‍ॅल्युमिनियम फुटला की इथे कोणी हात लावत नाही, आणि आपलं बोअरचं पाणी त्याला खातं. "उसको बाटलीवाला पानी होना."
शिक्षिकेची जुनी खोड. वहीत दोन रकाने पाडले. तांबं: जड, दुरुस्त होतं, सांधे कच्चे. अ‍ॅल्यु.: हलका, टिकतो, बिघडला की फेका. दोन्ही रकाने सारखेच भरले. मुलांना शिकवायला बरं असतं हे.
बोलणं: नितीन. सहा मिनिटं.

२३ फेब्रुवारी
रहीमभाईने बोलावून घेतलं. रेडिएटरची वरची टाकी डाग काढून उघडली होती. आत पाहिलं तर सगळा पिवळा गाळ. नळ्यांची तोंडं बुजलेली.
"बाई, इत्ती हल्दी तो शादी में बी नै लगती."
मी पण हसले. त्यानेच सांगितलं, बारीक गळती लागली की जुने लोक रेडिएटरमध्ये हळद टाकतात. भोक बुजतं, दोनचार महिने निघतात. मग पुन्हा गळतं, पुन्हा हळद. "साब कू मैं कित्ते बार बोला, नक्को डालो. सुनतेच नै थे."
ऑटोत बसेपर्यंत हसत होते. कलेक्टर ऑफिसच्या चौकात हसू थांबलं.
शेवंता.
पुढे लिहवत नाही.

२४ फेब्रुवारी
लिहायलाच पाहिजे.
शेवंता आमच्याकडे अकरा वर्षं होती. धुणं, भांडी, आणि खरं म्हणजे सोबत. गुडीहत्नूरजवळच्या तिच्या शेताच्या तुकड्यात हळद व्हायची. ती उकडून, वाळवून, कांडून दर उन्हाळ्यात माझा पितळी डबा गच्च भरून द्यायची. आणि डबा पावसाळा संपायच्या आत रिकामा. दोन माणसांचं घर, हळद जाते कुठे? मी डब्यात आतून पेन्सिलने रेघ मारून ठेवली. चार दिवसांत हळद रेघेच्या बोटभर खाली. मला वाटलं, ही दिलेली हळद परत नेऊन दुसऱ्या घरी विकते.
म्हटलं, "शेवंता, हळदीले पाय फुटले काय?"
तिने हात पुसले. "बाई, माह्याच वावरची हळद. मीच आनतो अन् मीच चोरीन काऊन?"
मी म्हटलं, माणसाचं काही सांगता येत नाही.
ती गेली. राहिलेला पगार न्यायलाही आली नाही. पाच वर्षं झाली.
आणि हे? हे त्याच खोलीत होते. खुर्चीत, पेपर वाचत. मला आठवतंय, किती तरी वेळ पान उलटलं नव्हतं.
चोर सोडून संन्याशाला सुळी.

२५ फेब्रुवारी
विहारात वंदनेला गेले. पंचशील म्हणताना "मुसावादा" पाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, जीभ अडली. दर रविवारी म्हणते, आणि खोटं बोलू नये हे मुलांना जन्मभर वर्गात शिकवलं.
मी सात वर्षांची असताना आईवर पाटलाच्या खळ्यात ज्वारी चोरल्याचा आळ आला होता. सगळ्यांसमोर तिला पदर झटकायला लावला. ज्वारीचा एक दाणा पडला नाही. आई घरी येऊन जेवली नाही, आणि मी ठरवलं की शिकायचं. शिकले. शिक्षिका झाले. आणि मग पेन्सिलने रेघ मारली.
बोलणं: कोणीच नाही.

२८ फेब्रुवारी
नितीनला सांगितलं हळदीचं. मोठ्याने हसला. "बाबा म्हणजे बाबा! भारी होते!" मी शेवंताचं सांगायला लागले तर म्हणाला, आई, इतक्या जुन्या गोष्टी कशाला उकरतेस. मी अ‍ॅल्युमिनियमचा ऑर्डर करतोय, तो जुना भंगारात टाक.
फोन ठेवल्यावर घर फार मोठं वाटलं.

३ मार्च
यांच्या फोटोशी भांडले. दोन वर्षांत पहिल्यांदा. शेजारी ऐकू गेलं असेल तर जाऊ दे. म्हटलं, तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात! एक शब्द बोलला असतात, "मी घेतली," एवढाच! ती बाई माझ्या डोळ्यांदेखत गेली आणि तुम्ही पेपर वाचत होतात.
मग रडले. मग चहा केला. दोन कप ठेवले गेले, सवयीने.
बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. भांडायला तरी माणूस होता.

६ मार्च
रहीमभाईकडे. त्याने विचारलं, बोलो बाई, तांबा या अलमुनियम? मी त्यालाच विचारलं, साहेब हळद लपवून का टाकत होते? दुरुस्त करून का घेत नव्हते?
तो म्हणाला, "बोलते थे, बाई कू मालूम पड्या तो गाडी बिकवा देंगी."
खरंच आहे. विकायलाच लावली असती. मी रोज म्हणत होते, हा पांढरा हत्ती काढा. हळद मागितली असती तर दिली असती का? नाही. वर चार गोष्टी ऐकवल्या असत्या. हे मला भ्याले आणि त्याचं शेवंताने भरलं. यांच्यावरचा राग अर्धा माझ्याकडे परत आला. अर्धा अजून तिथेच आहे, तो मी सोडणार नाही.
रहीमभाईला म्हटलं, सांगते दोन दिवसांत.

९ मार्च
आज स्वतःला पकडलं.
शेवंताच्या गुडीहत्नूरला बस दर अर्ध्या तासाला आहे. पाऊण तासाचा रस्ता. मी पंधरा दिवस काय करते आहे? तांबं की अ‍ॅल्युमिनियम. गाडी झाली की जाईन. निमित्त, दुसरं काय.
म्हणून उठले, बसस्टँडवर गेले. बस लागलेली होती. खिडकीजवळची जागाही होती. कंडक्टरने विचारलं, बाई, चढता काय? मी म्हटलं, नाही, कोणाला तरी सोडायला आले होते.
बोलणं: कंडक्टर. तेही खोटं.

१० मार्च
रहीमभाईला सांगून आले: तांब्याचाच. जुनाच साफ करा. त्याने समजावलं, बारीक सळईने नळ्या मोकळ्या होतील, पण दहाबारा पार गेल्यात, त्या डाग देऊन बंद कराव्या लागतील. गाडी चालेल, पण दर पंधरा किलोमीटरला थांबून गार करा. "बाहर गाव नक्को जाओ."
चालेल म्हटलं. अ‍ॅल्युमिनियम बसवला असता तर हे सगळं भंगारात गेलं असतं, आणि मी लवकरच विसरले असते. मी स्वतःला ओळखते.
निघताना त्याच्याकडून थोडा गाळ बरणीत मागून घेतला. त्याने काही विचारलं नाही. कामात हुशार माणूस आहे.

१६ मार्च
गाडी आली. हैदराबादहून नितीनचं खोकंही आलं. अ‍ॅल्युमिनियमचं. दिवाणखान्यात ठेवलंय. उघडलं नाही.

१८ मार्च
गेले.
वाटेत एकदाच थांबले, काटा वर जायला लागला म्हणून. बरणी शेजारच्या सीटवर. ती दाखवायची, सांगायचं, बघ, साहेबांनी टाकली होती. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. मग वाटलं, मेलेल्या माणसाला पुढे करून मी मागे उभी राहणार? बरणी गाडीतच ठेवली.
तिचं अंगण सगळं पिवळं. उकडलेली हळद उन्हात पसरलेली. ती कडेला बसून हलवत होती. केस पांढरे झालेत. माझ्याकडे पाहिलं, उठली नाही. गाडीकडे पाहिलं.
"तपली वाट्टे गाडी."
मग उठली, बादलीभर पाणी आणून ठेवलं. मला नाही, गाडीला. मी रेडिएटरचं झाकण फडक्याने धरून उघडलं, पाणी ओतलं. दोघी गाडीसमोर उभ्या. यापेक्षा बरी वेळ येणार नव्हती.
म्हटलं, "शेवंता, हळद तू नव्हती घेतली."
"हे सांगाले आल्या काय बाई? मले तं तवाच मालूम होतं."
ती पुन्हा हळदीजवळ बसली. पाठमोरीच म्हणाली, "ज्याईले तवा सांगतलं, त्याईले सांगा."
चहा विचारला नाही. मी तिच्या जागी असते तर बादलीही दिली नसती.

१९ मार्च
तिचं बरोबर आहे. मी तीन घरी सांगितलं होतं, शेवंता चोर आहे म्हणून. तिन्ही घरची कामं तिची गेली होती. हे मी आत्तापर्यंत या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.
समोरची वसुंधरा. गुंडावार काकू. आणि सरोज, माझ्याच शाळेतली.

२० मार्च
वसुंधराकडे गेले. दारातच सांगून टाकलं. ती तेलुगूतच गोंधळली, "शेवंता? एवरू, टीचरम्मा?" कोण शेवंता म्हणे. चार वर्षं तिच्या घरची भांडी घासली. तिला नावही आठवेना. आळ मात्र माझ्या एका वाक्यावर लगेच खरा मानला होता. मी सगळं पुन्हा सांगितलं, चेहरा, बांगड्या, चालणं. शेवटी म्हणाली, हां हां, ती चोरी करायची ती. म्हटलं, नव्हती करत. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर तिने मान हलवली.

२१ मार्च
गुंडावार काकू. अंथरुणाला खिळल्यात. ऐकून माझा हात धरला. "मले वाटलंच होतं. पन तुमी मास्तरीन, तुमी कसं खोटं सांगान?"
याहून वाईट कोणी काही बोललं नसतं.

२२ मार्च
राहिली सरोज. ती मुलाकडे मंचेरियलला राहायला गेली, मुलगा कोळशाच्या खाणीत आहे. फोन नंबर आहे. दोनदा काढला, दोनदा ठेवला. तेव्हा फोनवर नव्हतं सांगितलं. तिच्या ओट्यावर, चहा पीत, रंगवून सांगितलं होतं. तर आताही तिच्यासमोर बसूनच सांगायला हवं.
रहीमभाई ऐकूनच उडाला. "मंचेरियल? इस रेडिएटर पे? नै जाती बाई. वो खोका है ना घर में? लाओ, एक दिन में बिठाता. फिर कहीं बी जाओ, रुकनाच नै."
एक दिवस म्हणजे आणखी एक रात्र. एका रात्रीत मी पुन्हा बसस्टँडवरून परत येणारी बाई होईन. त्याला म्हटलं, किती वेळा थांबावं लागेल ते सांग. त्याने बोटं मोजली. जाताना दहा वेळा, घाट धरून.
दोन कॅन पाणी डिकीत ठेवलंय.
शेवंताच्या सुनेचा नंबर मिळवला, तिने शेवंताला फोन दिला. सांगितलं: दोन घरं झाली. तिसरं मंचेरियलला. उद्या सकाळी निघते. तू समोर असलीस तर मला काही गाळून सांगता येणार नाही.
पलीकडून कोंबड्यांचा आवाज. मग, "गाडी जाईन काय तेवढी?"
म्हटलं, थांबत थांबत जाईल.
"पाह्यतो," म्हणाली, आणि ठेवला.
बोलणं: रहीमभाई, सून, शेवंता.
नितीनचं खोकं तसंच आहे. सकाळी सहाला निघायचं. मंचेरियलच्या वाटेवर गुडीहत्नूर लागतंच. पंधरा किलोमीटरचा हिशेब धरला तरी थांबावं तिथेच लागेल.