ऐंशीच्या आत

४ मे, सकाळी ७

आजपासून रोजनिशी. घरातली एक महत्त्वाची यंत्रणा माझ्या ताब्यात आली आहे, आणि नोंद नसलेलं यंत्र म्हणजे बेवारस यंत्र.

मुलीला ॲनिमेशनच्या कोर्सला प्रवेश हवाय. त्यासाठी स्वतः केलेली तीन मिनिटांची फिल्म पाठवायची. शेवटची तारीख २२ मे, संध्याकाळी पाच. पाचवर एक मिनिट झालं की वर्ष गेलं. फिल्म तिची करून झालीय, पण कॉम्प्युटरनं एकेक फ्रेम रंग-उजेडासकट पक्की करायची असते. याला रेंडरिंग म्हणतात. एकूण फ्रेम ४३२०, एकीला चार मिनिटं. रात्रंदिवस चालवला तर बारा दिवस.

मेव्हण्याचा कॉम्प्युटर क्लास आहे. त्याचा फोन आला की सुट्टीत माझी बारा मशिनं रिकामीच असतात, घेऊन या काम. मी नम्रपणे नकार दिला. (हिचं म्हणणं, नम्रपणा काही ऐकू आला नाही.) बारा सुमार मशिनांपेक्षा नीट चालवलेलं एक केव्हाही सरस. मुलीला शब्द दिला: बारा दिवसांचं काम आठ दिवसांत. ओव्हरक्लॉकिंग! म्हणजे प्रोसेसरला कंपनीनं आखून दिलेल्या वेगाच्या वर पळवायचं. व्हिडिओ पाहिलेत. अवघड काही नाही. प्रोसेसर तेवढा तापतो.

आणि तापमान म्हटलं की मी. हॉस्पिटलच्या लाँड्रीत बॉयलरवर सव्वीस वर्षं झाली. कपाळाला हात न लावता घरातल्यांचा ताप सांगतो.

सकाळी ११

सेटिंगमध्ये शिरून वेग ४.० चा ४.७ केला. व्होल्टेज किंचित वाढवलं. मशीन चालू झालं. टाळ्या नाहीत. ही भाजी निवडत होती.

११.१५: तापमान ९१. ध्येय: ऐंशीच्या आत.
११.४०: ९६. सुरुवात आहे.

५ मे

९८. कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन समोर लावला. ९७. एक अंश! दिशा बरोबर आहे. तो फॅन हिच्या शिलाई मशीनजवळचा होता, त्यामुळे घरातलं तापमान मात्र वाढलंय.

एका फ्रेमला आता पाच मिनिटं लागताहेत. मुलीनं घड्याळ लावून दाखवलं. तिचं म्हणणं, प्रोसेसर फार तापला की जीव वाचवायला आपणहून मंद होतो. तुम्ही पळवताय आणि तो बसतोय, बाबा. मी म्हटलं, अवघड फ्रेम आल्या असतील. पोहायला शिकवायचं ते माशाला नाही.

७ मे

नवा कूलर आणला. प्रोसेसरच्या डोक्यावर बसवायचा, चांगला वीतभर उंच. मधे पेस्ट लावायची असते, वाटाण्याएवढी. वाटाण्यानं काय होणार? सढळ हातानं लावली.

शंभर. मशीन आपोआप बंद. यालाच सेफ्टी म्हणतात. सेफ्टी उत्तम चालतेय, ही जमेची बाजू.

८ मे

कॉम्प्युटर उचलून दुकानात नेला. दुकानदारानं कूलर काढला, उलटा केला आणि दुकानातल्या सगळ्यांना बोलावलं. तळाला प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म तशीच होती. तीवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की बसवण्याआधी काढा. मी म्हटलं, अक्षर फार बारीक आहे. त्यानं पेस्ट पुसायला अर्धा रोल कागद वापरला आणि विचारलं की काका, पोळीला लावायची होती का.

मुलीचा एक दिवस गेला. तिनं मशीन परत जागेवर मांडायला हात दिला. समजूतदार आहे, माझ्यावर गेलीय.

९ मे

८३! ती प्लॅस्टिकची फिल्म काढताच ८३. याचा अर्थ हातात भरपूर वाव आहे. वेग ४.९ केला.

९७.

११ मे, दुपारी १

भिंतीवर तक्ता चिकटवला. वेळ, तापमान, सही. आज माझी शिफ्ट दुपारी दोन ते दहा, मुलगी तिच्या चित्रकलेच्या वर्गाला, ही शिवलेले कपडे द्यायला बाहेर. म्हणून निघण्याआधी संध्याकाळी सातपर्यंतचे आकडे भरून टाकले. लाँड्रीत आम्ही सगळेच हे करतो. जेवायला जाण्याआधी पुढचे दोन-तीन तास लिहून मोकळं व्हायचं. सव्वीस वर्षांत बॉयलरनं माझा आकडा कधी खोटा पाडलेला नाही. यंत्राची नाडी कळली की डोळ्यांनी बघावं लागत नाही.

१२ मे

मुलगी तक्ता हातात घेऊन उभी होती. काल मशीन दुपारी पावणेतीनला बंद पडलं म्हणे. शेवटची फ्रेम तेव्हाची आहे. तक्त्यात तीनला ७९, चारला ७८, पाचला ७८. सही माझी. तिनं विचारलं, बंद मशीन अठ्ठ्याहत्तरवर कसं काय होतं?

मी म्हटलं, ठोकळमानानं.

तिनं तक्ता परत भिंतीवर चिकटवला. मग म्हणाली, बरं बाबा. इतकंच. तिचा चेहरा बघून मी टेबलफॅनची दिशा बदलली. उकाडा वाढला असावा. तेराशे फ्रेम झाल्यात, तीन हजार राहिल्यात.

१३ मे

मायलेकी सकाळीच मेव्हण्याकडे गेल्या, दोन दिवसांसाठी. मध्येच काय सुचलं कळत नाही. जाताना मुलीनं मशीनवर काम नव्यानं लावून दिलं आणि सांगितलं की बाबा, आता यावर फक्त तुम्हीच लक्ष ठेवायचं. शेवटी माझ्यावरच सोपवलं! वेडी पोर नाही ती, माणूस ओळखते.

१५ मे

दोघी परत आल्या. मुलगी आल्या आल्या झोपली ती दुपारपर्यंत. दहा दिवसांत पहिल्यांदा अशी झोपली. चिंता मिटलेली दिसते. कारण उघड आहे: काल मी ८६ पर्यंत आणलं.

१६ मे

तक्ता आता खरा भरतो. वेळ होईल तेव्हाच, स्वतः बघून. शिफ्टवर असलो तर रकाना कोरा. कोरे रकाने बघवत नाहीत, पण असू देत.

मुलगी हल्ली स्वतः चहा आणून देते आणि विचारते, आज किती? मी आकडा सांगतो. ती वा म्हणते. बापावर विश्वास बसला की मुलं अशी खुलतात.

१८ मे, दुपारी १२

मशीन झोपायच्या खोलीत एसीच्या थेट तोंडाशी मांडलं. आम्ही तिघंही हॉलमध्ये झोपतो. हिची पाठ धरलीय. मोठ्या कामात पाठी धरतातच.

१२.२०: ७९!!
१२.४०: ७९!!

ऐंशीच्या आत. सलग वीस मिनिटं. मेव्हण्याला फोन करून कळवलं. तो छान छान म्हणाला, मग हसल्यासारखा आवाज आला. लाइन खराब असेल.

२० मे

आज हिशेब मांडला. नऊशेवर फ्रेम बाकी. दोन दिवस. एकीला पाच मिनिटं. काही केल्या बसेना. तीन वेळा मांडला, तिन्ही वेळा तेच उत्तर आलं.

आता मागे हटून चालणार नाही. वेग ५.१.

पडदा काळा. पंखा फिरतो, बाकी काही नाही.

२१ मे

रजा टाकली. दुकानदार घरी येऊन गेला. प्रोसेसर गेला, म्हणाला. जास्त व्होल्टेजनं जातो. या वेळी तो हसला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली.

मुलगी घरात गाणं गुणगुणत फिरतेय. तिला अजून माहीत नाही. मला जेवण गेलं नाही.

२२ मे, सकाळी १०

मुलीला समोर बसवलं. हीही येऊन बसली. सांगितलं: मशीन मेलंय. फिल्म पूर्ण होणार नाही. कंपनीचा दोष नाही, दुकानदाराचा नाही, उन्हाळ्याचा नाही. मामा बारा मशिनं देत होता, मी मिजाशीत नाही म्हटलं. तक्त्यात खोटे आकडे मी लिहिले. तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं. सव्वीस वर्षांत अशी नोंद मी कधी केलेली नाही.

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं.

फिल्म पंधरा तारखेलाच गेलीय म्हणे. मामाच्या बारा मशिनांवर दोन दिवसांत झाली. पोहोचल्याचं उत्तरही आलंय. मी विचारलं, मग माझ्या मशीनवर काय चाललं होतं? मुलगी खाली बघून म्हणाली, तीच फिल्म. परत. तुम्ही इतक्या मनापासून बसला होतात, काढून घ्यावंसं वाटलं नाही. हिनं तिला सांगितलं होतं की सांगून टाक. ती म्हणाली होती, राहू दे ना, बाबा खूश आहेत.

सुटल्यासारखं वाटलं. वाईटही वाटलं, फार वाटलं. कुठलं आधी ते सांगता येत नाही.

सकाळी ११

मुलीनं मोबाइलवर फिल्म दाखवली. अठरा दिवस मशीनशेजारी बसलो, पण आकडा सोडून स्क्रीनवर काही बघितलं नव्हतं. एक म्हातारी बाई लिफ्टमध्ये अडकते आणि आत बाग लावते, अशी गोष्ट आहे. लिफ्टचं दार उघडतं तेव्हा बाई बाहेर यायला नाही म्हणते. मी आणि ही दोघंही हसलो, आणि मग हिनं डोळे पुसले.

शेवटी आभारांची पाटी येते. संगणक: मामा. कपडेपट आणि धीर: आई. त्याखाली एक ओळ आहे.

तापमान: बाबा.

परत लावायला सांगून नीट वाचलं. नाव बरोबर आहे. अक्षर मात्र जरा मोठं चाललं असतं.